एकशे चौदावी नोंद

अंजूरला केसरीनाथ पाटलांच्या शेतावर गोदाम उभं राहणार होतं. जेसीबी लावण्याआधी प्लॉटवरची झाडं ओळखून त्यांची यादी करायची, हे काम मृणालीकडे आलं. ती भिवंडीत कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची. एखाद्या झाडाचं नाव अडलं की जेवण गोड लागू नये, अशातली बाई.

सोबतीला हौसा होती. वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरची, साठीची, झुडपं साफ करायला रोजावर आलेली. पण झाडांच्या बाबतीत मृणालीची पदवी तिच्यापुढे पाणी भरे. नुसती साल बघून ती सांगत जायची. "ही शिवण. हा काकड. हा ऐन, साल बघ त्याची, मगरीवानी हाय." दुपारपर्यंत एकशे तेरा नोंदी झाल्या. रस्त्यावर कंटेनर हॉर्न मारत होते आणि पानापानावर धुळीचा पांढरा थर होता.

एकशे चौदावी नोंद विहिरीपाशी. काठावर मेलेली भोकर उभी होती आणि तिच्यावर एक वेल चढली होती. तिच्या पानांवर धूळ नव्हती.

"ही कुठली, मावशी?"

हौसाने पदराचं टोक दातात धरलं. "तिला नाव न्हाय."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"म्हाईत हाय. नाव न्हाय तिला. आमी देत न्हाय. तू पन देऊ नको, बाय."

मृणालीला हसू आलं. तिने वेल जवळून पाहिली. चढणारी वेल एकतर उजवीकडे वळते, नाहीतर डावीकडे. तिची ती सवय सहसा बदलत नाही. ही दोन वेढे उजवीकडे घेऊन तिसरा डावीकडे घेत होती. पान चुरगाळलं तर कसलाच वास नाही. साधा हिरवटसुद्धा नाही.

मृणालीची एक जुनी खोड होती. ओळख पटेना अशा झाडाला तात्पुरतं घरातल्या माणसाचं नाव द्यायचं, खरं सापडलं की ते खोडायचं. मागच्या वर्षीची 'भावेश' शेवटी साधी गुळवेल निघाली होती आणि त्यावरून तिने नवऱ्याची आठवडाभर टर उडवली होती. यावेळी तिने पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने 'उन्नती' कोरलं, लेकीचं नाव, आणि पट्टी तारेने वेलीला बांधली. हौसाने ते पाहिलं, कोयता उचलला आणि डबा न उघडताच निघून गेली.

संध्याकाळी सहा वर्षांची उन्नती टीव्हीपुढे बसली होती.

"उन्नती, हात धू."

ती हलली नाही. "बाळा, हात धू," म्हटल्यावर लगेच उठली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला, मुलगी हजेरी देत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. मागे टाचणी पडली तरी तिला कळत होतं. परतताना रिक्षात तिने विचारलं, "आई, उन्नती म्हणजे कोण?"

मृणालीला वेलीवरची ती पट्टी आठवली.

चौथ्या दिवशी भावेश जेवताना म्हणाला, "अगं, हिला पण वाढ ना. हिला..." नाव घ्यायला त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग तो ताटाकडे बघत बसला. घाबरला होता तो.

शनिवारी सकाळी मृणालीने कात्री घेतली आणि अंजूर गाठलं. हौसा बांधावर बसली होती, वाट बघत असल्यासारखी.

वेलीने विहिरीचा काठ झाकून टाकला होता. पट्टी खोडात रुतली होती, फक्त पहिलं अक्षर दिसत होतं. मृणालीने एक पान चुरगाळलं. खोबरेलाचा वास आला. शाळेतून आल्यावर उन्नतीच्या केसांना येतो तो.

"कापू नको," हौसा म्हणाली. "कुनाला कापशील?"

"सोमवारी मशीन येतंय. सगळं उपटतील ते!"

मृणालीने कात्री खाली ठेवली.

"नाव परत नाही घेता येत?"

"रिकामी न्हाय ऱ्हानार ती आता. दुसरं द्यावं लागंल. तुज्या घरातलंच."

मृणालीने पिशवीतून दुसरी पट्टी काढली. खिळ्याने नाव कोरलं, अक्षर चांगलं आलं.

"आन सोमवारी?" हौसाने विचारलं.

"यादीवर सही माझी आहे. मी नाही म्हटलं की मशीन हलणार नाही."

नवी पट्टी बांधली. जुनी सालीतून सुटून गवतात पडली.

घरी दारातूनच तिने हाक मारली. "उन्नती!"

"ओ, आई!"

पोर धावत आली. तिला पोटाशी धरून ती खूप वेळ रडली.

फोन वाजला.

"हॅलो, मृणाली मॅडम हायत का? केसरीनाथ बोलतोय. सोमवारी मशीन लावतोय. मॅडम नको म्हनत असतील तर थांबतो."

तिने जरा आठवून पाहिलं.

"राँग नंबर," ती म्हणाली. "त्या नावाचं इथे कोणी नाही."

मग फणी घेऊन ती उन्नतीची वेणी घालायला बसली.