पुण्याचाच फॉर्म भरा

बनारसच्या दुकानात मराठी बोलणं म्हणजे दार लावून बोलणं, असं आम्ही दूधविनायक या मराठी मोहल्ल्यातल्या मुली लहानपणापासून मानत आलो. शहाण्णव सालच्या जानेवारीत, विद्यापीठाजवळच्या लंका भागातल्या एका पुस्तकांच्या दुकानात, मी आणि माझी मैत्रीण कस्तुरी अशाच बिनधास्त बोलत होतो. शाळेत संस्कृत शिकवून मला वीट आला होता. आमचे आप्पा घाटावरचे पुरोहित. त्यांच्याकडे येणाऱ्या यात्रेकरूंची राहण्या-फिरण्याची सोय लावण्यात माझा खरा जीव रमायचा. तोच व्यवसाय करायचा, आणि त्याआधी एमबीए. पण इथल्या विद्यापीठाची आणि पुण्याची प्रवेशपरीक्षा नेमकी एकाच रविवारी होती. कुठला तरी एकच फॉर्म भरायचा.

"आप्पांना कळलं ना, तर आधी माझं लग्न उरकतील," मी म्हणाले.

शेजारी एक उंच तरुण पान चघळत उभा होता. "चचा, एक ठो फारम दीजिए," तो दुकानदाराला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, चक्क मराठीत — "तुम्ही पुण्याचाच भरा."

मी गारच पडले.

त्याचं नाव देवदत्त. जबलपूरच्या मराठी घरातला, इथे रेल्वेत इंजिनियर. याने घरी सांगितलं तर...? त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं म्हणून मी त्याला भेटत राहिले. निदान कस्तुरीला तरी मी असंच सांगत होते.

"मी पुण्यालाच का जावं?" एका सकाळी चौकात मलइयो खाताना मी विचारलं. दुधाचा तो केशरी फेस त्याच्या मिशीला लागला होता. सांगावंसं वाटलं... सांगितलं नाही.

"इथे तुम्ही गुरुजींची मुलगीच राहाल. तिथे पास झालात तर नीरजा पास, नापास झालात तर नीरजाच नापास."

"आणि तुम्ही कुठला फॉर्म घेतलात?"

"...इथला."

"मतलब, तुमची एक स्पर्धक कमी."

"आता तुम्हाला तसं वाटणारच," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते हे मला तेव्हा दिसलं, आणि माझा संशय आणखी वाढला. इतक्या देखण्या माणसाने परक्या मुलीला फुकटचा सल्ला का द्यावा?

त्याच्या नाकावर टिच्चून मी इथला फॉर्म भरायला घेतला. नाव लिहिलं आणि हात थांबला. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तेच मला खुपत होतं.

त्याच आठवड्यात शिंदे घाटावर पाहते तर आप्पा आणि देवदत्त, जुनी ओळख असल्यासारखे गप्पा मारत होते. आप्पा स्नानाला खाली उतरले तशी मी त्याला गाठलं.

"काय सांगितलंत आप्पांना?"

"काही नाही. मराठी ऐकू आलं, थांबलो. त्यांनीच विचारलं, लग्न झालंय का. मग तुमचं नाव काढलं." तो पाण्याकडे बघायला लागला. "मी म्हटलं, आधी मुलीला विचारा. तिच्या मनात दुसरं काही असेल."

"हो म्हणायचं होतंत. मी चुलीपाशी, तुमची सीट पक्की."

"स्पर्धक कसली, नीरजा... तुम्ही इथेच राहावं, रोज दिसावं, असं मला त्या दुकानापासून वाटतंय. म्हणून तर इथला फॉर्म भरा असं म्हणवेना. तो सल्ला तुमच्या भल्याचा नसता झाला. माझ्या झाला असता."

मला तो आवडत होता. खूप आवडत होता. आणि आता संशय घ्यायलाही काही उरलं नव्हतं.

"पुण्याला याल...?"

"येईन की. रेल्वेचा पास आहे."

"नोकरी सोडणार ना तुम्ही?"

"मग तिकीट काढून येईन."

आप्पा पंचा सावरत पायऱ्या चढून आले. आम्हा दोघांना शेजारी उभं पाहून त्यांचा चेहरा खुलला. "अगं, हे देवदत्त —"

"आप्पा, मी पुण्याला एमबीए करायला जाणार आहे."

"आणि लग्नाचं?" आप्पांनी कसंबसं विचारलं.

"यांना ते तुम्ही विचारू नका. शिकून परत आले की मी विचारीन."

"आणि मी हो म्हणीन," देवदत्त आप्पांना म्हणाला, अगदी नम्रपणे.