नाकावरची मिरची

पदराआड मिशी दिसली आणि माझं डोकंच फिरलं!

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावच्या बायका जमतात, एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात आणि संध्याकाळी सगळं विसरतात. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. आणि समोरच्या काठावर, बहिणीचं लुगडं डोक्यावरून घेऊन त्या गावचा कौतिक उभा!

"काय वं प्रमिला, रविवारले तुले देखाले ई ऱ्हायनात ना? त्यासले सांग, पोर गोड शे, पन नाकवर मिरची शे!"

बायका हसल्या. मी नाही. गेलं वर्षभर हा अमळनेर-धुळे एसटीत माझ्यासाठी जागा धरायचा. धुळ्यातलं देवपूर येईपर्यंत बोलायचं ते थट्टेतच. आता चाळीसगावचे लोक मला बघायला येणार, तरीही... थट्टाच?

नदीच्या कोरड्या वाळूतून तरातरा पलीकडे गेले, त्याचा पदर ओढला आणि ओरडले, "चहाटळ कुठला!"

तिथं शिव्या साऱ्यांना पाठ, पण हा शब्द कुणीच ऐकलेला नव्हता. कौतिकची आई कमलबाई पुढे आली.

"मन्हा पोऱ्याले काय शाप दिना वं तू?"

"शाप नही, अक्का. जुना शब्द शे." मी रागातच म्हणाले. "नको तठे, नको तव्हय थट्टा करस, तो चहाटळ. मन्ही आत्या तिना दीरले म्हने."

"दुश्मनले म्हनतस का?"

"नही... परकाले कोन म्हनी? परकानी थट्टा कोन मनवर लेस?"

बोलून गेले, आणि कान तापले. कमलबाईनं तोंडाला पदर लावला. कौतिकही हसला — झालं!

"हासू नको! सालभर हासना तू. रविवारले मी चहा लिसन त्यासना म्होरे बससू, तव्हय बी हास! एक गोट सरळ बोलता येस नही का तुले?"

त्याचं हसू मावळलं. लुगडं खांद्यावरून घसरलं, ते सावरायचंही त्याला सुचेना.

"भीती वाटे..." तो हळूच म्हणाला. "हासता हासता बोलनू अन तू नही म्हननी, तर थट्टा व्हती आशे तरी म्हनता ई." मग मान वर केली. "आते सरळ सांगस. तू माले आवडस. त्यासले नको येऊ देऊ. रविवारले मी येस — मायले लिसन."

माझा राग काही उतरला नव्हता. मी त्याचं मनगट धरलं.

"रविवार कशाले? मन्हा आबा आते घर शेतस. चाल!"