तिसरी जाळी

ऋतुजा कोरेच्या धाकट्या बहिणीचं लग्न दोन मुहूर्त टळून अखेर तिसऱ्यावर लागलं, ते साल २०४३. लग्नाच्या पंगतीतच वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या पोटात दुखलं. तपासणी झाली, तेव्हा पोटातली मोठी धमनी एका जागी फुगलेली निघाली.

त्या काळी शल्यविशारद थेट सुरी उचलत नसत. आधी रोग्याच्या धमनीचा 'जुळा' मागत. स्कॅनच्या चित्रणावरून संगणकात तशीच धमनी उभी करायची, तिच्यातून रक्त वाहवायचं आणि भिंत टिकते की फुटते ते बघायचं. मोठ्या शहरांत रांगा लागत, म्हणून सरकारनं हे काम तालुक्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही दिलं होतं. बार्शीच्या महाविद्यालयात ऋतुजा हेच संशोधन करत असे.

तिच्या प्रयोगशाळेला एक नवं यंत्र घ्यायचं होतं. पसंत पडलेल्या दोहोंपैकी एकच अनुदानात बसत होतं आणि न वापरलेलं अनुदान मार्चअखेर परत जाणार होतं. विक्रेता काझी दोन्ही यंत्रं महिनाभर वापरायला ठेवून गेला.

"हे चपळ," तो म्हणाला. "हजारो धमन्या पाहून शिकलंय, त्यामुळं उरलेलं अंदाजानं भरतं. आणि हे दुसरं एकेक तुकडा मोजतं. मेमरी भरपूर, पण सावकाश चालतं."

"तुम्ही कुठलं घ्याल?"

"मॅडम, मी विकणारा माणूस. मला दोन्ही आवडतात."

तिनं दोन्हींना अण्णांचाच जुळा दिला.

अण्णांनी छत्तीस वर्षं गावात पाणी सोडायचं काम केलं होतं. ते पडद्यासमोर बसून स्वतःची धमनी बघत राहिले.

"हा माझा जुळा होय? मग थोरला कोण?"

"तुम्हीच, अण्णा."

"मग त्याला म्हणावं, पाया पड."

चपळ यंत्रानं चार मिनिटांत उत्तर दिलं. भिंत टिकेल.

दुसऱ्या यंत्रावर तिनं जाळी टाकली. जाळी म्हणजे भिंतीचे लहान लहान तुकडे, ज्यांच्यावरचा ताण यंत्र एकेक करून मोजतं. पहिली जाळी जाड होती. उत्तर आलं, टिकेल. ऋतुजाला हायसं वाटलं. नियम म्हणून तिनं जाळी निम्म्यानं बारीक केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, फुटेल.

तिनं आकडे तपासले. रक्तदाब बरोबर होता, भिंतीची जाडी बरोबर होती. चूक कुठंच नव्हती.

"एकाच यंत्राची दोन तोंडं कशी गं?" अण्णांनी विचारलं.

"बारीक बघितलं की वेगळं दिसतं. जाळी बारीक करत जायचं आणि उत्तर बदलायचं थांबलं की ते खरं धरायचं."

"आणि थांबलंच नाही तर?"

"थांबतं, अण्णा."

"मी एका गल्लीत पाणी सोडलं की दुसऱ्या गल्लीतली बाई घागर घेऊन भांडायला यायची. तेव्हा कळायचं, कुठं चुकलं ते. तुझ्या यंत्राशी भांडायला कोण येतं?"

ऋतुजा हसली.

तिसरी जाळी तिनं पाच मार्चला चढवली. यंत्रानं वेळ दाखवली, अकरा दिवस. अण्णांच्या सर्जन बाईंनी फोन केला. "साडेपाच सेंटिमीटरला आम्ही शस्त्रक्रिया करतोच, हा फुगा त्याच्या किंचित अलीकडं आहे. वय चौऱ्याहत्तर, मूत्रपिंड एकच. शस्त्रक्रियेतही धोका आहे. मंगळवारी जागा रिकामी आहे. करायची का थांबायचं, ते सांगा."

अण्णा म्हणाले, "तू शिकलीस. तू सांग."

एक यंत्र टिकेल म्हणत होतं. दुसरं आधी टिकेल म्हणालं, मग फुटेल. ऋतुजानं रात्रीची भाकरी तशीच ताटात ठेवली. सकाळी तिनं बाईंना कळवलं, "अकरा दिवस थांबू."

आठव्या दिवशी सकाळी अण्णांनी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि लिंगपूजेला बसता बसता ते कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"हृदयही असेल, धमनीही असेल," डॉक्टर म्हणाले. "नक्की कळायचं तर शवविच्छेदन करावं लागेल."

सगळ्यांनी ऋतुजाकडं पाहिलं. आई भिंतीला टेकून बसली होती. "त्यांना कापू नका," एवढंच ती म्हणाली. ऋतुजानं डॉक्टरांना मानेनंच नको म्हटलं. संध्याकाळी लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे अण्णांना बसवून माती दिली.

महाविद्यालयात यंत्र चालूच होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सोळा तारखेला तिसऱ्या जाळीचं उत्तर आलं. भिंत टिकेल.

ऋतुजा पडद्यासमोर बसून राहिली. टिकेल, फुटेल, टिकेल. चौथी जाळी टाकावी, तर ती त्या यंत्राच्या मेमरीतही मावणारी नव्हती. धमनी टिकली असेल, तर अण्णा दुसऱ्याच कशानं गेले आणि तिचं थांबणं चुकीचं नव्हतं. फुटली असेल, तर यंत्र खोटं आणि तीही. हे सांगू शकणारी एकच वस्तू जमिनीखाली होती.

काझीचा फोन आला. "मॅडम, कुठलं ठेवू आणि कुठलं नेऊ?"

"मला कळत नाही, काझी," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "यंत्राचं ते उत्तर यायचं होतं ना? काय म्हणालं गं?"

ऋतुजा उंबऱ्यातच थांबली. टिकेल म्हणालं, असं सांगितलं तर आईला त्यातून काय ऐकू येणार होतं?

नक्की होतं ते एवढंच: महालिंग विरूपाक्ष कोरे, नगरपालिकेचे निवृत्त पाणी सोडणारे, गुरुवार, १२ मार्च २०४३ रोजी सकाळी सव्वासातला वारले.