तीनदा ‘बंद’

झोप येत नाही ना? मग ऐका. माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे, इकडची तिकडची नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

शहरात डेंग्यूची साथ होती. साडू आरोग्य खात्यात. घरोघर साठवलेलं पाणी तपासायचं, बोटातून रक्ताचा थेंब कागदावर टिपून आणायचा. दिवसाला चाळीस घरं. पायांचे तुकडे पडायचे. मग वरच्या मजल्यांचं तो खालूनच लिहून टाकायचा, ‘बंद’. सगळेच लिहायचे, हो.

त्या मंगळवारी खात्याच्या डॉक्टरीणबाईंनी नकाशा पुढे सरकवला. तापाचे रुग्ण एकाच इमारतीभोवती दाटलेले, आणि मधलं एक घर कोरं. तीनदा ‘बंद’. तिन्ही वेळा साडूचं अक्षर.

“आज ते घर बघूनच या,” एवढंच त्या म्हणाल्या. रागवायचंही त्राण नव्हतं बाईंत.

रात्री पावणेनऊला साडू तिसरा मजला चढला. दार उघडंच होतं. आत खुर्चीत एक आजोबा, अंगावर चादर.

“या. आज चढलात म्हणायचं.”

साडू वरमला. गॅलरीत पिंप होतं. विजेरी मारली, तर पाण्यात अळ्यांची वळवळ. त्याने ते सगळं ओतून दिलं.

“ताप आला होता का, आजोबा?”

“आला होता.”

“मग दवाखान्यात...”

“उठवत नव्हतं. तुमची वाट बघत होतो. जिन्याखाली पावलं यायची... थांबायची... परत जायची.”

साडूने रक्ताचा कागद काढला. “मला वाटलं, कुणी नाही.”

“मी घरीच होतो.”

आजोबांनी बोट पुढे केलं. गार. फार गार. साडूने थेंब टिपला... आणि निघाला.

तळमजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. “वर कुणाकडे गेला होतात? आजोबांना जाऊन आठवडा झाला. तापाने एकटेच पडून होते, आम्हाला पत्ताच नाही. घराला कुलूप आहे.”

दोघं वर गेले.

कुलूप होतं.

साडू तिथेच पायरीवर बसून रडला. मला सांगतानाही रडला, साठीचा माणूस.

कागद त्याने कार्यालयात जमा केला. असा थेंब चार-पाच तासांत वाळतो. हा पंख्याखाली ठेवला, उन्हात ठेवला, तरी ओलाच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कपाटात टाकला. सहा वर्षांनी साडू निवृत्त झाला, त्या दिवशी त्याने तो काढून बघितला.

बोट लावलं...

बोटाला लागलं.