मातीखालची ओळ

"थडगं कुणी फोडलं ते शोधा, नाहीतर आळ माझ्यावर येईल!" संशोधिका वकीलबाईंना तणतणत म्हणाली. जुन्या थडग्यांवरून बायकांचं जगणं धुंडाळणं हे तिचं काम. घंटा ओतणाऱ्या कारखानदाराच्या पणजीचा दगड तिने सोमवारी टिपला. गुरुवारी पाहते तो पायथ्याची माती उकरलेली, आणि मातीत दडलेला भाग छिन्नीने खरवडलेला.

वकीलबाईंनी सोमवारचा फोटो पाहिला. मातीच्या वर दोनच ओळी : नाव, आणि 'संस्थापकाची पत्नी'. माथ्यावर कोरलेली घंटा.

"आणि नवऱ्याच्या दगडावर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"नुसती वेल. खरं तर इथे ज्याचं काम, त्याच्याच दगडावर त्या कामाची खूण कोरायचे."

"घराण्याचा धंदा, म्हणून घंटा," वकीलबाईंसोबत आलेले त्यांचे दीर म्हणाले.

"मग वेल कशाला, भावजी?"

ते घरी पोहोचताच कारखानदार दारातच उखडला. "शताब्दी तोंडावर आलीय आणि ती संशोधिका पणजोबांची अब्रू काढतेय! दोन ओळींचा दगड, त्यात शोधायचंय काय? मीच फोडला म्हणा, जा!"

आत त्याची अविवाहित आत्या बसली होती. साठी उलटलेली, ओठ घट्ट मिटलेले.

"आमच्या घरातली बाई कधी भट्टीजवळ गेली नाही. तीन ओळींच्या दगडावरून तुमच्या त्या शहाणीने राईचा पर्वत केलाय."

भावजी कुजबुजले, "पुतण्याच. कबूलच झाला की!"

"तो नुसता चिडलाय." वकीलबाईंनी कारखानदाराला आत बोलावलं. "तुम्हाला दोनच ओळी ठाऊक. तिसरी मातीत होती. ती उकरणाऱ्यालाच दिसणार. आत्याबाई, तुम्ही तीन म्हणालात. घंटा पणजीच्या दगडावर आहे, म्हणजे कारागीर तीच. तुम्हीही हे ताडलंत आणि खात्री करायला गेलात."

आत्याने मान वर केली. "विसाव्या वर्षी भट्टीवर जायचं म्हणून मी तीन दिवस उपाशी राहिले. वडील म्हणाले, या घराण्यात बाईने घंटा ओतलेली नाही. मी मानलं. चाळीस वर्षं यांची ताटं वाढली."

"काय होतं तिसऱ्या ओळीत?"

"'घंटा हिने ओतल्या, त्याने विकल्या.'"

"साफ खोटं!" कारखानदार ओरडला.

आत्या त्याच्याकडे वळली. "खोटं असतं, तर फोडलं असतं का रे मी?"