धुराचा बुंधा

धूर किती उंच गेला, हे मोजणं माझं काम. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो आणि सात मिनिटांत एकाच धुराची नऊ कोनांतून नऊ चित्रं काढतो. चित्रागणिक धूर जितका सरकलेला दिसेल, त्यावरून उंची निघते. माणसाने एवढंच करायचं: धुराच्या बुंध्यावर टिंब द्यायचं आणि तिथून वाऱ्याच्या दिशेने बाण ओढायचा. नवखी मंडळी बाण उलटा ओढतात, मग धूर जमिनीखाली निघतो. पहिल्याच आठवड्यात मी असे तीन धूर पुरले होते. साहेब अजून विसरलेले नाहीत.

माझा दादा जंगलातल्या टेहळणीच्या मनोऱ्यावर असतो. वणवा दिसला की कळवायचं, ही त्याची नोकरी. मला तो 'उंटावरून शेळ्या हाकणारी' म्हणतो. आई गेल्यापासून आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नाही, त्यामुळे उन्हाळाभर माझा जीव त्या मनोऱ्यावर टांगलेला असतो.

त्या सोमवारी चित्रात धुराचा बुंधा बरोबर मनोऱ्यावर होता. उंची चाळीस मीटर. मी लगेच फोन लावला.

"धूर? इथे चुलीचासुद्धा नाही," दादा म्हणाला. "चष्मा बदल."

बुधवारी धूर नऊशे मीटरवर गेला. आग असली की चित्रात लाल ठिपका येतो, तो नव्हता. आणि धूर वाऱ्याच्या विरुद्ध कलला होता.

"पुन्हा उलटा बाण," साहेब हसले. माझ्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतः बाण ओढला. उत्तर तेच आलं. त्यांनी तो पुसून पुन्हा ओढला, तरी तेच.

"आगीशिवाय धूर निघत नाही गं," ते शेवटी म्हणाले. "भावाला खाली बोलावून घे."

मला ताप आलाय, असं मी दादाला खोटंच सांगितलं. तो त्याच संध्याकाळी आला, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "खोटारडी." मग त्याने माझं स्वयंपाकघरच बळकावलं. त्याचं बेसूर गुणगुणणं ऐकत मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. फार बरं वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी एक वाजता चित्रं आली. मनोऱ्यावरचं आकाश लख्ख होतं. मी सुस्कारा सोडला आणि सहज म्हणून आपल्या शहराचा तुकडा उघडला.

धूर आमच्या घराच्या छपरावरून निघत होता.

पहिल्या चित्रात छपरावरून. चौथ्यात गल्लीच्या तोंडाशी. नवव्यात मंडईच्या रस्त्यावर.

धूर सरकतो. बुंधा कधीच सरकत नाही.

"डबा विसरलीस, वेंधळे." ऑफिसच्या दारात दादा उभा होता.

"साडेदहाला कुठे होतास?"

"भाजी आणायला निघालो होतो. का गं?"

मी उठून त्याला घट्ट मिठी मारली. शर्टाला साबणाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. त्याने माझ्या डोक्यात टपली मारली.

त्याच्या मागोमाग जिना चढून साहेब आले. नाकाला रुमाल, डोळे लाल.

"खिडक्या उघडा कुणीतरी," ते खोकत म्हणाले. "जिन्यात श्वास घेता येत नाहीये."