अजून किती राहिलं?

निघा की दोन वाजता, मी कुठं अडवतोय? सूर्योदय बघायचा म्हणजे अंधारातच चढावं लागणार. पण आत्ता कुठं साडेनऊ होतायत, झोप काही तुम्हांला येत नाही, आणि कोपरगावच्या सपाटीवर वाढलेल्या पोरांना आमचा डोंगर जरा सांगितलेला बरा. मी इथल्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केली. वाढवून सांगायची मला सवय नाही. रामहरी माझा विद्यार्थी. त्याच्या बाबतीत घडलं ते सांगतो. तो मोबाईलचा उजेड तेवढा बंद करा, डोळ्यांवर येतो.

नऊ ऑक्टोबर दोन हजार बावीस. रविवार, कोजागिरी. पुण्याच्या सात जणांनी या भैरोबाच्या डोंगरावर, पार माथ्याला तंबू ठोकले होते. त्यांना मसाला दूध आटवायचं होतं. रामहरीला फोन आला, दहा लिटर दूध वर आणाल का? रामहरी वीस वर्षं गाईडकी करत आलेला. त्यानं कॅन पाठीला बांधला आणि चारच्या सुमाराला निघाला.

मालनबाई, त्याची बायको, गोठ्यातनंच म्हणाली, "म्हस आज-उद्या व्यायची हाय. रातीला खाली या."

"येतो की. मला काय डोंगर नवा हाय व्हय?"

डोंगर नवा नव्हता. पण ऑक्टोबरातला डोंगर रोज नवा असतो, हे त्यालाही ठाऊक होतं. पावसाळ्यात शेवाळ असणार हे ठरलेलं. उन्हाळ्यात घसारा, म्हणजे सुटा मुरूम पायाखालनं सरकणार, तेही ठरलेलं. या दिवसांत मात्र सकाळी चटका देणारं ऊन, दुपारी परतीच्या पावसाचा गडगडाट आणि रात्री दरीतनं वर येणारं धुकं. सकाळची वाट संध्याकाळी खरी नाही.

वाटेत एक उभा कडा आहे, उद्या लागेल तुम्हांला. त्याला लोखंडी शिडी, बत्तीस पायऱ्यांची. तिचा नियम एकच. एका वेळी एक माणूस, आणि खालून कुणी चढत असेल तर वरच्यानं थांबायचं.

त्या शिडीच्या पायथ्याशी रामहरी जुलैपासून थांबत नसे. मान खाली घालून चढायचा.

झालं होतं असं. जुलैच्या पहिल्या रविवारी संगमनेरहून तीस जणांचा गट आला होता. त्यात कृपादान सर होते, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. साठी उलटलेली, अंगानं जड. सगळ्यांच्या मागं पडले. शिडीखालच्या दगडावर बसले आणि धापा टाकत विचारलं, "रामहरी, अजून किती राहिलं?"

आता गाईड काय सांगतो ते तुम्हीही ऐकालच. "हे काय सर, आलंच. शिडी चढली की धा मिनटं."

होता दीड तास.

सर हसले. "मग येतो सावकाश. तू हो पुढं."

रामहरी पुढं गेला. माथ्याजवळ वारा सुटला, पाऊस आडवा झाला, ढगात हाताला हात दिसेना. गट तिथंच कपारीला अडकला. अंधार पडताना सगळे उतरले, तेव्हा सर शिडीच्या पायथ्याशी पडलेले होते. अंग गार. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. रामहरीला कुणी बोल लावला नाही. सरांची मुलगी रेबेका न्यायला आली होती. तिनं एवढंच विचारलं, "शेवटी काही बोलले का पप्पा?"

रामहरी म्हणाला, "न्हाई ताई."

तर कोजागिरीला तो सातला वर पोचला. दूध उकळलं, पुण्याच्या मंडळींनी पातेल्यात चंद्र बघितला, फोटो काढले. "काका, राहा की इथंच," म्हणाले. पण याच्या डोक्यात म्हैस. नऊला निघाला. चांदणं इतकं स्वच्छ की टॉर्च लावावी लागली नाही.

शिडीच्या वरच्या टोकाला आला तेव्हा पावणेदहा झाले होते. तेवढ्यात दरी भरली. दूध उतू जातं ना, तसं धुकं कड्यावरनं वर आलं आणि चंद्र गेला.

त्यानं पाठमोरं होऊन उतरायला शिडीच्या दांड्यावर हात ठेवला. दांडा थरथरत होता.

खालून कुणीतरी चढत होतं.

ठण्... ठण्... ठण्... ठण्. मग थांबा. मग पुन्हा चार. जड माणूस चढतो तसं.

पुण्याचं कुणी मागं राहिलं असेल, असं याला वाटलं. तो बाजूला झाला. "या, या. मी थांबलोय."

सवयीनं पायऱ्या मोजत राहिला. वीस. अठ्ठावीस. बत्तीस.

कुणी वर आलं नाही.

छत्तीस. चाळीस. पावलं चालूच. ना जवळ येत, ना लांब जात.

त्यानं टॉर्च लावली. उजेड धुक्यावर आपटून तोंडावर आला. वरच्या सात-आठ पायऱ्या तेवढ्या दिसल्या. ओल्या. मोकळ्या.

ठण्... ठण्...

साठ. नव्वद.

"कोण हाय?"

पावलं थांबली.

एक श्वास ऐकू आला. लांब, दमलेला. आणि मग खालून, अगदी अदबीनं...

"अजून किती राहिलं?"

रामहरीनं आवाज ओळखला. पण जीभ वीस वर्षांच्या सवयीची. ती आपली आपणच वळली.

"हे काय... आलंच."

बोलून गेला, आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो.

पावलं सुरू झाली. आता भरभर. आशेला लागलेल्या माणसासारखी. ठण् ठण् ठण् ठण्... दांडा नुसता गदगदायला लागला. रामहरीनं तो दोन्ही हातांनी धरला. का धरला, त्याला सांगता येत नाही. सोडवेना.

मग पुन्हा थांबा.

पुन्हा तो श्वास.

"अजून... किती राहिलं?"

रामहरी खाली बसला. रडत होता म्हणे. धुकं तोंडात जात होतं.

"लई राहिलंय, सर."

...

"दीड तास हाय. मी खोटं बोललो तुमाला. तुमच्यानं व्हनार न्हाई, सर. माघारी फिरा."

काही नाही.

वारा नाही. रातकिडा नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एकदाच...

ठण्.

एकच. वर की खाली, ते त्याला आजही सांगता येत नाही.

पहाटे चारला मालनबाईनं माझी कडी वाजवली. म्हैस व्यायली होती, नवरा आला नव्हता. मी आणि ती निघालो. शिडीशी पोचलो तेव्हा फटफटत होतं. धुकं विरलेलं. वर रामहरी बसलेला, दोन्ही हातांनी दांडा धरून. मी घाईघाईनं वर जाऊन एकेक बोट सोडवलं. तेव्हा तो बोलायला लागला, आणि घरी पोचेपर्यंत बोलतच होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं रेबेकाला फोन लावला. सर काय विचारत होते, आपण काय सांगितलं, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता रामहरी गाईडचं काम करतो, पण कुणी किती राहिलं विचारलं की घड्याळ बघून खरं सांगतो. लोकांना आवडत नाही ते. उद्या तुमच्याबरोबर तोच आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या पहाटे मी त्याला धरून उतरवत होतो. मी खाली, तो वर, त्याचा पाय मी हातानं पायरीवर टेकवत होतो. अर्ध्यात आलो आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं. वाकून बघितलं. सोळावी पायरी.

ती शिडी नवी होती, पोरांनो. त्याच वर्षी मार्चमध्ये बसवलेली, वेल्डिंग करताना मी स्वतः उभा होतो. अंगठ्याएवढ्या जाडीची सळई. ती मधोमध झिजून करंगळीएवढी झाली होती. शंभर वर्षांच्या देवळाचा उंबरठा झिजतो, तशी. गुळगुळीत, चकचकीत.

बाकी एकतीस पायऱ्यांवर पिवळा रंग जसाच्या तसा होता.